भोपळा शेतातला, कवडी समुद्रातली : शेकेरे वाद्याच्या घडणीचा इतिहास

नैऋत्य नायजेरिया आणि त्याला लागून असलेला बेनिनचा भाग या योरुबाभाषक प्रदेशात शेकेरे नावाचे जे वाद्य पिढ्यानपिढ्या वाजवले जाते, त्याची घडण सांगायला फार शब्द लागत नाहीत : वाळवून आतून पोकळ केलेला एक भोपळा आणि त्याच्या अंगावर सैलसर चढवलेले, कवड्या किंवा मणी ओवलेले दोऱ्याचे जाळे. भरताच्या नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार वर्गांपैकी हे वाद्य घनवाद्यांत बसते, म्हणजे ज्यांत तार, फुंकर किंवा ताणलेले चामडे यांपैकी काही नसून वाद्याच्या घट्ट अंगातूनच नाद निघतो अशा वाद्यांत; आणि हलवून वाजणाऱ्या वस्तूला मराठीत खुळखुळा हा शब्दही आहे. मात्र खुळखुळ्यात दाणे आत कोंडलेले असतात, तर शेकेरेत ते भोपळ्याला बाहेरून वेढून असतात, आणि या एका फरकामुळे वादकाच्या हाती तीन निरनिराळे नाद येतात : जाळे घरंगळताना उठणारी सळसळ, भोपळा झटक्याने फिरवला की जाळे अंगावर आपटून येणारा कोरडा ठोका, आणि भोपळ्याच्या बुडावर तळहाताचा मनगटाकडचा भाग मारल्यावर त्याच्या उघड्या तोंडातून बाहेर पडणारा घुमारदार खर्ज.

हे तिन्ही नाद वादकाचा हात लागण्याच्या कितीतरी आधी, भोपळा आणि मणी निवडले जातात तेव्हाच बव्हंशी ठरून गेलेले असतात. या दोन द्रव्यांचे इतिहासही वेगळे आहेत. भोपळा कारागिराच्या पंचक्रोशीत पिकतो, त्याची वेल कोणाच्या कुंपणावर चढली होती हे सांगता येते. मणी मात्र अनेकदा हजारो कोसांवरून, अनेक हात बदलत आलेला असतो. शेकेरेच्या तालांवर आणि वादनपद्धतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण शेत आणि बाजार यांची ही गाठ जिथे पडते त्या निवडीकडे तितके बारकाईने पाहिले जात नाही, आणि वाद्याचा खरा इतिहास तर तिथेच साठलेला आहे.

शेकेरेचा भोपळा म्हणजे मराठी घरांत भाजीला वापरल्या जाणाऱ्या दुधी भोपळ्याचीच जात. वनस्पतिशास्त्रात तिला लॅगेनेरिया सिसेरारिया म्हणतात. भाजीचा दुधी कोवळा असतानाच खुडला जातो. तोच वेलीवर जून होऊ दिला, तर त्याची साल लाकडासारखी कठीण बनते, आणि ज्या वाणांची साल विशेष जाड होते, ते बहुधा चवीला कडू असल्याने खाण्यासाठी नव्हे तर भांड्यांसाठी राखले जातात. मराठीत अशा भोपळ्याला कडू भोपळा किंवा तुंबा म्हणतात. बैराग्याचे पाण्याचे पात्र, गारुड्याची पुंगी आणि पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या कमरेला बांधायचा तरंगता आधार ही त्याची रूपे महाराष्ट्राला परिचित आहेत. या जातीचे मूळ आफ्रिकेत असल्याचे मानले जाते. तरीही अमेरिका खंडात सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपासून तिचे अवशेष सापडतात. वाळलेला भोपळा समुद्राच्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगत राहिला तरी आतले बी रुजण्याजोगे राहते हे १९५०च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले होते, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने आफ्रिकेतले भोपळे अटलांटिकच्या प्रवाहांबरोबर वाहत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले असावेत या मताला बळ दिले. कमरेला भोपळा बांधून विहिरीत उतरणाऱ्या पोराला जो गुण ठाऊक असतो, त्याच गुणाच्या जोरावर ही वेल, कोणी माणूस तिला नेण्याआधी, महासागर ओलांडून गेली.

इथे एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. कॅलॅबॅश हा युरोपीय भाषांतून आलेला शब्द दोन अगदी वेगळ्या फळांना लावला जातो : एक हा वेलीवरचा भोपळा, आणि दुसरे क्रेसेन्शिया कुजेटे या मूळच्या अमेरिकी झाडाचे, खोडाला आणि जाड फांद्यांना थेट लगडणारे गोल फळ. महाराष्ट्रातल्या बागांमध्ये या झाडाला कमंडलू म्हणतात. कॅरिबियन बेटांवरच्या माराका या जोडीने वाजवायच्या खुळखुळ्यांसाठी हे झाडाचे फळ वापरले जाते, पण शेकेरेला ते फारसे चालत नाही, कारण ते गोल असते आणि त्याला मान नसते. शेकेरेचे जाळे भोपळ्याच्या मानेभोवतीच्या कड्याला अडकवून खाली सोडलेले असते, आणि वादकाची एक मूठ त्याच मानेवर असते. खालचा घेर मोठा आणि वरची मान मुठीत मावणारी, अशी बाटलीसारखी बांधणी वेलीवरच्या भोपळ्यातच मिळते.

भोपळा निवडण्याची सुरुवात तो वेलीवर असतानाच होते. देठ पूर्ण सुकून तपकिरी होईपर्यंत तो तोडायचा नसतो. हिरव्या देठाने तोडलेला भोपळा वाळताना आक्रसतो, सुरकुततो किंवा आतून कुजतो. ताज्या भोपळ्याच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असल्याने वाळवणीला काही महिने लागतात, मोठ्या फळाला तर त्याहूनही अधिक, आणि या काळात सालीवर काळी-पांढरी बुरशी चढते. बुरशी पाहून नवखा माणूस भोपळा फेकून देतो, तर जाणकार तो दाबून पाहतो, कारण बुरशी ही पाणी बाहेर पडत असल्याची खूण असते. अंगठ्याखाली साल बसली तरच फळ गेले असे समजायचे. पुरता वाळलेला भोपळा आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका हलका लागतो आणि हलवल्यावर आतले बी सुटून खडखडते. मग बोटाच्या पेराने त्यावर ठोकून पाहायचे असते, आणि तेही एकाच जागी नव्हे, तर बुडापासून मानेपर्यंत फिरवत. सर्वत्र लाकडी, खणखणीत आवाज आला तर भिंत सलग जाड आहे. एखाद्या जागी आवाज भुसभुशीत झाला, तर तिथे साल पातळ आहे, कीड आहे किंवा डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. एकाच आकाराच्या दोन भोपळ्यांपैकी जो जड भरतो त्याची भिंत जाड, हा साधा ताळा. बुडावर सतत मार पडणार असल्याने तिथे भिंत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक जाड असलेली बरी. पातळ भोपळा सुरुवातीला मोकळा वाजतो, पण फार दिवस टिकत नाही. उन्हाळा लांबलेल्या, भरपूर उन्हाच्या हंगामात फळाला वेलीवर जून व्हायला वेळ मिळतो आणि साल घट्ट होते, म्हणून चांगल्या शेकेरेच्या आवाजात एखाद्या वर्षाचे हवामानही मुरलेले असते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

महाराष्ट्रात या परीक्षेचे एक जवळचे भावंड आहे. मिरजेतील तंबोरा आणि सतार बनवणारे कारागीर भीमाकाठच्या, पंढरपूर–मंगळवेढा परिसरातल्या भोपळ्यांवर विसंबत आले आहेत. फळ जून आहे ना, साल सलग आहे ना, ठोकल्यावर कसे बोलते, हे तेही तितक्याच कसोशीने पाहतात. मात्र तंबोऱ्याचा भोपळा तारांचा नाद मुरवून घेण्यासाठी असतो, त्याला घेर आणि डौल हवा. शेकेरेचा भोपळा स्वतः मार खातो, त्याला बूड आणि दम हवा.

निवडलेल्या भोपळ्याची मान वरून कापून तोंड उघडतात, त्यात पाणी भरून ठेवतात म्हणजे वाळलेला गर कुजून सैल होतो, आणि मग खडे घालून जोरात हलवत, काठीने खरवडत तो बाहेर काढतात. हे काम ओले करण्याचे कारण व्यावहारिक आहे : कोरड्या गराची धूळ छातीत जाऊन खोकला जडतो, आणि सफाई अर्धवट राहिली तर उरलेला गर स्पंजासारखा नाद शोषून घेतो. तोंड किती मोठे ठेवायचे हा निर्णय तर स्वराचाच असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर आतली हवा जशी घुमते, तशीच बुडावर थाप पडल्यावर भोपळ्यातली हवा घुमते. तोंड लहान ठेवले की खर्ज खाली उतरतो, मोठे केले की वर चढतो. म्हणून जाणता कारागीर तोंड आधी लहान कापतो आणि थाप मारून ऐकत थोडे थोडे वाढवत नेतो, कारण कापलेले परत जोडता येत नाही.

आफ्रिकेतल्या सगळ्या भोपळ्यांच्या वाद्यांनी मणी बाहेर काढलेले नाहीत. झिंबाब्वेतील शोना लोकांचे होशो हे जोडीने वाजवायचे वाद्य म्बिरा या लोखंडी पट्ट्यांच्या वाद्याला साथ करते, आणि त्याचे दाणे आतच असतात. ते भोपळे मिठाच्या पाण्यात उकळून आतून स्वच्छ खरवडतात, कारण आतली भिंत जितकी कोरी तितका ठोका धारदार. दाणे म्हणून जे बी भरतात ते होटा, म्हणजे महाराष्ट्रात विहिरीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या कर्दळीचे काळे, गोळीसारखे कठीण बी. कर्दळ मूळची अमेरिकेतली. भोपळा आफ्रिकेतून अमेरिकेला गेला आणि कर्दळीचे बी अमेरिकेतून येऊन आफ्रिकेच्या भोपळ्यात शिरले. पश्चिमेकडे सिएरा लिओनमध्ये मेंडे स्त्रिया आपल्या वाद्याच्या जाळ्याचे सुटे शेवट एकत्र बांधून दुसऱ्या हाताने ताणून धरतात, तर घाना आणि टोगोमधील एवे लोकांचे आखात्से हे लहान वाद्य मांडी आणि तळहात यांच्यामध्ये आपटत वाजवतात. भोपळा एकच, पण जाळे कुठे बांधायचे आणि किती सैल सोडायचे याची उत्तरे गावोगाव वेगळी आहेत.

योरुबा प्रदेशातल्या जुन्या शेकेरेवर मण्यांऐवजी कवड्या दिसतात, आणि या वाद्याच्या इतिहासातले सर्वांत जड पान इथेच उलगडते. व्यवहारात नाणे म्हणून चालणारी ही लहान, पिवळसर कवडी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळत नाही. ती मुख्यतः मालदीव बेटांच्या उथळ समुद्रातून येई. प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काही काळ काझी होता. तिथे चार लाख कवड्यांना एक सोन्याचा दिनार पडे, आणि पुढे १३५२च्या सुमारास माली साम्राज्यात पोहोचल्यावर तिथे ११५० कवड्यांना एक दिनार मिळताना त्याने पाहिला. दोन किमतींतल्या या दरीवर कित्येक शतकांचा व्यापार उभा राहिला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज, आणि त्यांच्यामागून डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी कवड्या जहाजाचा तोल राखणारे भरताड म्हणून हिंदी महासागरातून युरोपात आणि तिथून गिनीच्या आखाताच्या किनाऱ्यावर नेल्या, आणि तिथे त्या मोजून माणसे विकत घेतली. मराठीत कवडीमोल हा शब्द क्षुल्लक किमतीसाठी वापरला जातो. त्या किनाऱ्यावर कवडीचे मोल माणसाच्या आयुष्याएवढे होते, आणि ही गोष्ट शेकेरेच्या सुंदर जाळ्याकडे पाहताना विसरता येत नाही.

योरुबा बाजारात कवड्या पाठीला भोक पाडून दोऱ्यात ओवत : चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचे म्हणजे २,००० कवड्यांचे एक शीर, आणि अशा दहा शिरांची, २०,००० कवड्यांची एक गोणी. हिशेबाच्या सोयीसाठी पाडलेले हे भोक वाद्य बनवणाऱ्याला आयतेच मिळे, म्हणून कवडी जाळ्यात येण्यामागे तिच्या वैभवाबरोबर ही साधी सोयही असावी, असे मानायला जागा आहे. ध्वनीच्या दृष्टीनेही ती सरस होती : चिनी मातीसारखे गुळगुळीत, कठीण कवच जून सालीवर आपटले की टणत्कार उठतो, आणि दात्यांची बाजू भोपळ्याकडे राहिली तर त्यात किंचित खरखर मिसळते. १८४५च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारकडची थोडी मोठी आणि स्वस्त कवडी जहाजे भरभरून आणायला सुरुवात केल्यावर पश्चिम आफ्रिकेत तिचे मोल कोसळत गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती चलनातून बाहेर पडली. तिचे बाजारातले मोल संपले तरी देवतांशी असलेले तिचे नाते संपले नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयो हे योरुबांचे बलाढ्य राज्य यादवीत मोडले, आणि युद्धांत पकडले गेलेले असंख्य लोक क्यूबा आणि ब्राझीलला गुलाम म्हणून नेले गेले. ब्राझीलमधली ही आयात १८५०च्या कायद्यानंतर थांबली, तर क्यूबात ती बेकायदा रीतीने १८६०च्या दशकापर्यंत चालू राहिली. या माणसांबरोबर वाद्ये गेली नाहीत, पण वाद्ये घडवण्याचे ज्ञान गेले. क्यूबात भोपळ्याची वेल होतीच. त्या फळाला तिथे ग्विरो म्हणतात, आणि देवतांच्या आनंदोत्सवात वाजणाऱ्या ज्या ताफ्यात तीन चेकेरे (शेकेरेचेच तिथले नाव), एक घंटा किंवा कुदळीचे पाते आणि एक ढोल असतो, त्या ताफ्याचे नावही ग्विरो असेच पडले. संस्कार करून प्रतिष्ठापित केलेले बाता ढोल सर्वांना, सर्वत्र वाजवता येत नसत. भोपळ्यांच्या ताफ्याला ते बंधन नव्हते, आणि ही मोकळीक त्याच्या प्रसाराला उपकारक ठरली. क्यूबन अभ्यासक फर्नांदो ऑर्तिस यांनी १९५२ ते १९५५ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केलेल्या आफ्रो-क्यूबन वाद्यांच्या ग्रंथात या वाद्यांची सविस्तर नोंद केली आहे.

कवडीच्या जागी मात्र नव्या भूमीत बी आले. शेकेरेसाठी ज्या बियांची सर्वांत अधिक ख्याती आहे त्यांत कसई किंवा रानजोंधळा अग्रभागी आहे, आणि त्याचे कारण निसर्गाने केलेली सोय : या गवताच्या दाण्याभोवतीचे करडे, चकाकते कवच देठ ओढून काढला की आरपार मोकळे होते, त्यामुळे वेज, म्हणजे ओवण्यासाठीचे भोक, पाडावेच लागत नाही. त्याचा नाद हलका, पावसाच्या पहिल्या सरीसारखा असतो. उलट गुंजेचे लाल-काळे बी डोळ्यांना कितीही भुरळ घालत असले, तरी त्यात अब्रिन हे जहाल विष असते आणि वेज पाडताना ते भुकटीतून बाहेर पडू शकते, म्हणून ते वर्ज्य मानलेलेच बरे.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात या वाद्याची भारताशी एक अनपेक्षित भेट झाली. साल्व्हादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी, महात्मा गांधींच्या हत्येला वर्ष उलटल्यावर, १९४९च्या कार्निव्हलसाठी फिल्योस जी गांधी, म्हणजे गांधींची मुले, या नावाचा एक ताफा उभा केला. अशा ताफ्याला तिथे अफोशे म्हणतात, आणि मण्यांचे जाळे चढवलेल्या लहान भोपळ्याच्या वाद्यालाही तेच नाव आहे. पांढरी वस्त्रे, पांढरे फेटे आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घालून हे लोक इजेशा या योरुबा वंशनामाचा ताल धरत रस्त्यावर येतात. ज्यांच्या पूर्वजांची किंमत कवड्यांनी मोजली गेली होती त्यांनी भोपळ्याच्या तालावर गांधींचे नाव मिरवावे, ही घटना वाद्यांच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावी लागेल.

आज मण्यांची निवड अफाट आहे. घानातील क्रोबो कारागीर जुन्या बाटल्यांची काच कुटून मातीच्या साच्यात भरतात आणि भुकटीच्या मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी वेज उरते. असे मणी देखणे आणि वजनदार असतात, पण वजनदार काच पातळ भोपळ्यावर चालत नाही. लाकडी मणी मऊ बोलतात, प्लॅस्टिकचे झगझगीत आणि लांबवर ऐकू जाणारे. मोठ्या भोपळ्याला मोठे मणी आणि लहानाला लहान हे तर उघडच आहे. पण पटवेकऱ्याला जे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते ते इथेही खरे ठरते : मण्याच्या रंगाआधी त्याचे वेज पाहावे. वेजाची कड धारदार असेल तर ती दर ठोक्याला दोरा कापत राहते, आणि वेज अरुंद असेल तर दुहेरी दोरा जात नाही, गाठ बसत नाही. जाळ्याची वीण दुहेरी दोऱ्यांची, दर मण्यानंतर गाठ मारलेली, शंकरपाळीच्या आकाराची असते. ती भोपळ्यावर थोडी फिरू शकेल इतकी सैल हवी, कारण फार सैल जाळे ठोक्याच्या मागे रेंगाळते आणि फार ताठ जाळे सळसळतच नाही.

विसाव्या शतकात हे वाद्य देवळांच्या आणि मिरवणुकांच्या बाहेर पडले. लागोसमध्ये टुंडे किंग यांच्या आरंभीच्या जुजू संगीतात ते होते, आणि चुचो वाल्देस यांनी १९७३ साली स्थापन केलेल्या इराकेरे या क्यूबन जॅझ वाद्यवृंदाने ते पितळी वाद्यांच्या शेजारी उभे केले. न्यूयॉर्कमध्ये मॅडलिन यायोडेले नेल्सन यांनी १९७८ साली विमेन ऑफ द कॅलॅबॅश हा स्त्रियांचा ताफा सुरू केला. त्या स्वतः शेकेरे घडवतही असत. दरम्यान मार्टिन कोहेन यांच्या कारखान्याने गोल नळकांड्यावर पोलादी गोळ्यांच्या साखळ्या गुंडाळलेले कबासा बाजारात आणले, आणि पुढे फायबरग्लासचे शेकेरेही निघाले. ते पडले तरी फुटत नाही, ओल धरत नाही, आणि कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक वाद्य आधीच्यासारखेच वाजते. प्रवासी वादकाला ही सोय मोलाची वाटते यात नवल नाही.

ग्विरोच्या ताफ्याला मात्र एकसारखी तीन वाद्ये नकोच असतात. तिथे तीन चेकेरेंचे खर्ज एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आणि तरी एकाच घरातले वाटावेत इतके जवळचे हवे असतात, आणि हे अंतर साच्यात ओतून मिळत नाही. त्यासाठी हंगाम संपल्यावर वाळलेल्या भोपळ्यांच्या ढिगासमोर बसून, एकेक उचलून बुडावर थाप मारत, बाजूला ठेवलेल्याशी ताडून पाहत, कधी दोन जुळले आणि तिसऱ्यासाठी पुढच्या सुगीपर्यंत थांबावे लागले, अशा रीतीने तिन्ही गोळा करावे लागतात. दोरा आणि मणी त्यानंतर येतात.